जी किल्ली आपल्याकडे नसावी
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मराठी पाटी शोधूनही क्वचितच सापडावी, अशा या शहरात आपली शाळा साठ वर्षे उभी आहे. येथून बाहेर पडलेल्या मुलांना एकत्र आणणारे संकेतस्थळ माजी विद्यार्थ्यांनीच हौसेने उभारले. आज त्याचे कौतुक करण्यापूर्वी मला एक कबुली द्यायची आहे.

गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. ''बाई, पासवर्ड विसरलो.'' कार्यालयातील संगणकावर यादी होती. त्याच्या नावापुढे त्याचा पासवर्ड स्पष्ट अक्षरांत लिहिलेला होता : आईचे नाव आणि एक साल. मी तो वाचून दाखवला. क्षणभर थांबून तो म्हणाला, ''बाई, माझ्या ईमेललाही हाच आहे.'' त्याने तक्रार केली नाही. पण ती सारी यादी मी खालपर्यंत वाचू शकले असते, हे मला फार खुपले.

ही चूक मोठमोठ्यांकडूनही झाली आहे. 2009 साली अमेरिकेतील रॉकयू या कंपनीकडील सुमारे 3 कोटी 20 लाख पासवर्ड चोरीला गेले. तेही जसेच्या तसे लिहून ठेवलेले होते. वास्तविक, यावरचा उपाय रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 मध्येच एका निबंधात मांडला होता.

तो उपाय असा. पासवर्ड साठवायचाच नाही. गणिती प्रक्रियेतून निघालेला त्याचा ठसा तेवढा साठवायचा. याला हॅशिंग म्हणतात. जात्यातून पीठ निघते, पण पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. आपण पासवर्ड टाकला की तो नव्याने दळला जातो आणि दोन्ही ठसे जुळतात का, एवढेच पाहिले जाते.

मात्र चोरही नेहमीचे शब्द दळून ठसे जुळवू शकतो. म्हणून प्रत्येकाच्या शब्दात दळण्यापूर्वी वेगवेगळी, यदृच्छेने निवडलेली अक्षरे मिसळतात. त्यांना सॉल्ट, म्हणजे मीठच, म्हणतात. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी ठसे निराळे उमटतात. 2012 मध्ये लिंक्डइनचे लाखो ठसे चोरीला गेले, त्यांत हे मीठ नव्हते. शिवाय जातेही मुद्दाम संथ ठेवतात. बीक्रिप्ट आणि आर्गॉन2 या पद्धती त्याचसाठी आहेत. एकदा प्रवेश करणाऱ्याला तो विलंब जाणवत नाही. कोट्यवधी अंदाज तपासणाऱ्या चोराला मात्र तो भारी पडतो.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्याच काही माजी विद्यार्थ्यांनी ही व्यवस्था बसवून दिली. जुनी यादी कायमची पुसली, घडलेला प्रकार सर्व सभासदांना पत्राने कळवला आणि प्रत्येकाला नवा पासवर्ड ठेवायला सांगितले.

पालकांना एक साधी कसोटी सांगते. जे संकेतस्थळ तुमचा विसरलेला पासवर्ड तुम्हाला कळवू शकते, त्याच्याकडे तो वाचता येईल अशा रूपात पडून आहे. चांगली व्यवस्था जुना शब्द सांगत नाही, नवा ठेवू देते. आणि एकच पासवर्ड दोन ठिकाणी वापरू नका. एक कुलूप तुटले की दुसरेही उघडते.

मुख्याध्यापिकेच्या कपाटात जनरल रजिस्टर असते, दाखले असतात, मुलांच्या घरच्या कितीतरी गोष्टी तिच्या मनात असतात. विश्वासाने सोपवलेले जपणे हेच आमचे काम, असे मी इतकी वर्षे मानत आले. काही गोष्टी आपल्याला कळूच नयेत अशी व्यवस्था करणे, हाही त्या जपण्याचाच भाग आहे, हे मला या प्रसंगाने शिकवले.

गेल्या महिन्यात तोच विद्यार्थी पुन्हा पासवर्ड विसरला. ''बाई, बघून सांगता का?''

मी म्हटले, ''नाही रे बाळा, आता तो मलाही दिसत नाही.''

हे सांगताना मला जे समाधान वाटले, ते आज आपल्यासमोर ठेवते आणि थांबते.