माळवदाखालून उठलेल्या

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत आलेली. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि मराठवाड्यातल्या सास्तूरसारख्या गावांत दगडमातीची घरं, वरच्या जड माळवदासकट, झोपलेल्या माणसांवर कोसळली.

तेव्हा तिशीत असलेल्या बायका आज साठीत आहेत. कुणाचं कुंकू गेलं, कुणाची लेकरं. पुनर्वसनाच्या काळात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या साथीनं गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’, म्हणजे गावकरी आणि प्रशासन यांच्यातला दुवा, झाल्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या बांधकामातले बारकावे शिकल्या: भिंतीत आरपार दगड हवा, माळवदावर मातीचा भार कमी हवा. ज्या भिंतींनी आपली माणसं गिळली, त्याच भिंतींचं शास्त्र शिकायचं, याला केवढं काळीज लागलं असेल!

२००१ साली कच्छ हादरलं, तेव्हा यांच्यातल्या काहीजणी तिकडे धावल्या. तिथल्या बायकांची भाषा वेगळी होती, दुःख मात्र ओळखीचं. पुढे बचत गट आले, आणि दुष्काळात घरच्यांकडून मागून घेतलेला एकेक एकर. त्यात आधी घरापुरतं धान्य, कडधान्य, भाजीपाला; उरलं तर बाजार.