कामाला साजेसा कॅमेरा

डिजिटल कॅमेऱ्याची निवड तीन गोष्टींवर ठरते: फोटो कशाचा काढायचा, किती अंतरावरून काढायचा आणि त्या वेळी उजेड किती असणार. किंमत, कंपनी आणि मेगापिक्सेल यांचा विचार त्यानंतरचा. दुकानात मात्र बहुधा उलटे घडते. खिशाला परवडेल तो सर्वांत मोठा आकडा विकत घेतला जातो आणि काम सुरू झाल्यावर लक्षात येते की कॅमेरा चांगला आहे, पण या कामाचा नाही. ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके याचे चांगले उदाहरण आहेत. तानसा अभयारण्य, माहुलीगड, माळशेज घाट, सिद्धगड-गोरखगडाची राने, म्हशाची जत्रा, भाताची खाचरे, उन्हाळ्यातली लग्नसराई आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस हे सारे इथे हाकेच्या अंतरावर आहे, आणि यातल्या प्रत्येकाला लागणारा कॅमेरा निराळा आहे.

मुळात वेगळा कॅमेरा हवा का, हे आधी पाहावे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या आहेत आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला ते दाखवायचे आहे, अशा वेळी मोबाइलच उत्तम. पीकविम्यात नुकसानीची सूचना द्यायची असेल, तर ती ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते. तिथेही फोटोसोबत वेळ आणि ठिकाण नोंदवून लगेच पाठवता येणारा मोबाइल महागड्या कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी पडतो. बचत गटाच्या पापड-लोणच्यांचे फोटो, शाळेचे कार्यक्रम, ग्रामपंचायतीच्या कामांच्या नोंदी यांनाही मोबाइल पुरतो. खिडकीशेजारी, उन्हाची तिरीप थेट येणार नाही अशा जागी वस्तू ठेवून दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला, तर बऱ्याच वेळा स्टुडिओची गरज उरत नाही. ज्यांचे काम एवढेच आहे त्यांनी कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत.

मोबाइलची मर्यादा कळण्यासाठी सेन्सर समजून घ्यावा लागतो. लेन्समधून आलेला प्रकाश ज्या चकतीवर पडतो आणि विजेच्या संकेतात बदलतो, ती चकती म्हणजे सेन्सर. 1975 साली कोडॅक कंपनीतले अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा त्याच्या सेन्सरवर फक्त 10 हजार बिंदू होते आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला 23 सेकंद लागत. आज 24 मेगापिक्सेल, म्हणजे 2 कोटी 40 लाख बिंदू, ही साधी गोष्ट झाली आहे. बिंदूंची गरज मात्र तेवढी वाढलेली नाही. 12 बाय 8 इंचांचा उत्तम छापील फोटो काढायला सुमारे 9 मेगापिक्सेल पुरतात आणि फुल एचडी पडद्यावर जेमतेम 2 मेगापिक्सेल दिसतात. त्यामुळे 24 आणि 32 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत केवळ आकड्यासाठी निवड करण्यात अर्थ नाही.

फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने. साध्या खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण 6 बाय साडेचार मिलिमीटर असतो. ज्याला एक इंची म्हणतात तो सुमारे 13 बाय 9 मिलिमीटर, एपीएस-सी सुमारे 23 बाय 15 आणि फुल फ्रेम 36 बाय 24 मिलिमीटर. सेन्सर जितका मोठा तितका तो अधिक प्रकाश गोळा करतो आणि अंधारात चित्रावर रवाळपणा कमी येतो. सेन्सर मोठा झाला की लेन्सही मोठी, जड आणि महाग होते, हे त्याच हिशेबात धरायचे. शिकणाऱ्याला आणि छोटा व्यवसाय करणाऱ्याला एपीएस-सी हा मधला मार्ग बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

सर्वांत महत्त्वाची वस्तू लेन्स आहे. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, पाच-सात वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स दोन-तीन बॉडींना पुरते. कॅमेऱ्यासोबत येणारी 18-55 मिलिमीटरची किट लेन्स दिवसाच्या उजेडात व्यवस्थित काम करते. तिची अडचण सूर्य मावळल्यावर सुरू होते. हळदीचा कार्यक्रम संध्याकाळी उशिरा, अंगणात घातलेल्या मांडवात, दोन-तीन ट्यूबलाइटच्या उजेडात चाललेला असतो. नवरीच्या गालाला हळद लावणारे हात सतत हलत असतात, म्हणून शटर निदान एक एकशे पंचविसांश सेकंद हवे. किट लेन्स 55 मिलिमीटरवर एफ 5.6 पेक्षा जास्त उघडत नाही. अशा वेळी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, 6400 पर्यंत चढवावा लागत असेल, तर 50 मिलिमीटर एफ 1.8 ची लेन्स तेच काम आयएसओ 640 च्या आसपास करते, कारण ती जवळपास दहापट प्रकाश आत घेते. हळदीचा पिवळा रंग आणि त्वचेचा पोत दोन्ही शाबूत राहतात. ही लेन्स बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे इतर लेन्सच्या मानाने बरीच स्वस्त मिळते. कमी उजेडातल्या कामासाठी एवढ्या पैशांत याहून मोठी सुधारणा दुसरी कोणतीही वस्तू देत नाही.

मांडवातल्या दिव्यांचा आणखी एक मुद्दा आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण शटर वेगवान असले की फोटोत आणि व्हिडिओत काळे-पिवळे पट्टे येतात. व्हिडिओसाठी कॅमेऱ्यात पाल पद्धत निवडून सेकंदाला 25 चित्रे आणि शटर एक पन्नासांश ठेवले की हे पट्टे नाहीसे होतात. फोटोत हात हलत असल्यामुळे शटर फार कमी करता येत नाही. तिथे अँटी-फ्लिकरची सोय असलेली बॉडी उपयोगी पडते. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याने ती सोय आहे का, हे आवर्जून विचारावे. दोन कार्डांच्या खाचा असलेली बॉडीही याच वर्गाला लागते, कारण कार्ड बिघडले म्हणून मंगलाष्टका पुन्हा म्हणता येत नाहीत.

पक्षी आणि वन्यजीव हा सर्वांत खर्चिक प्रकार. तानसा अभयारण्यात 2014 मध्ये रानपिंगळ्याची नोंद झाली. हे छोटे घुबड 1884 नंतर कुणाला सापडले नव्हते आणि 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसले, इतके दुर्मीळ. त्याची उंची साधारण 23 सेंटिमीटर. तो 20 मीटरवरच्या फांदीवर बसला आहे असे धरले, तर 24 मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात किट लेन्सच्या 55 मिलिमीटरवर त्याची उंची 4 हजार बिंदूंपैकी अवघ्या 160 बिंदूंत मावते. 300 मिलिमीटरच्या लेन्सने तोच पक्षी जवळपास 900 बिंदू व्यापतो आणि पिसांवरचे ठिपके दिसू लागतात. इथे बॉडी कितीही भारी घेतली तरी लेन्सची लांबी कमी पडली की उपयोग नाही. ज्यांना लेन्स बदलायच्या नाहीत आणि भरपूर पैसेही घालायचे नाहीत, त्यांच्यासाठी ब्रिज कॅमेरे आहेत. निकॉन पी 900 ची झूम 83 पट, तर पी 1000 ची 125 पट आहे. त्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे सकाळी आठच्या उन्हात ते चकित करतात आणि झाडीच्या सावलीत किंवा तिन्हीसांजेला निराश करतात. निरीक्षणाची नोंद ठेवायला ते पुरेसे आहेत, मोठ्या छपाईला नाहीत. लेन्स लांब असण्याचा फायदा पक्ष्यालाही होतो: जवळ जावे लागत नाही. घरट्याजवळ तळ ठोकून बसणे किंवा ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्याला बोलावणे कोणत्याही फोटोसाठी समर्थनीय नाही.

याच्या अगदी उलट बाजूला स्थिर वस्तू येतात. नाणेघाटाच्या गुहेतला सातवाहनकालीन ब्राह्मी लेख, वारली चित्रांची भिंत, गडावरची पडकी तटबंदी यांना घाई नसते. इथे पैसा तिवईत घालावा. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवून, आयएसओ 100 ठेवून, दोन-चार सेकंदांचे शटर लावले की साधी बॉडी आणि किट लेन्ससुद्धा सुरेख काम देतात. कोरीव अक्षरांवर उजेड समोरून टाकला की ती सपाट दिसतात. बॅटरीचा झोत एका बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरला की खाचांत सावली पडून अक्षर न् अक्षर उठून येते. गेरूच्या भिंतीवरचे वारली चित्र टिपताना कॅमेरा भिंतीच्या बरोबर समोर आणि चित्राच्या मध्याच्या उंचीवर ठेवावा, नाहीतर चौकट तिरकी होते. मेअखेरीस आणि जूनच्या आरंभी दिसणाऱ्या काजव्यांनाही तिवई आणि हाताने शटर ठरवण्याची सोय एवढेच लागते. फ्लॅश आणि मोबाइलचा टॉर्च मात्र बंद हवा, कारण झगझगीत उजेडात काजव्यांचे एकमेकांना दिले जाणारे संकेत बिघडतात.

डीएसएलआर (आत आरसा असलेला) घ्यावा की मिररलेस (बिनआरशाचा), हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो. कॅनन आणि निकॉन या दोघांनी 2018 मध्ये मिररलेससाठी नवे माउंट (लेन्स बसवण्याची खोबणी) आणले आणि त्यांचे नवे काम आता तिकडेच चालले आहे. मिररलेस हलका असतो, डोळ्यावर फोकस अचूक धरतो आणि व्हिडिओत सरस ठरतो. डीएसएलआरची बॅटरी जास्त टिकते: निकॉन डी 3500 एका चार्जवर प्रमाणित चाचणीत सुमारे दीड हजार फोटो काढतो, नवशिक्यांसाठीच्या मिररलेस कॅमेऱ्यांची मजल साधारण 300 ते 400 पर्यंतच जाते. माळशेज परिसरातल्या एखाद्या पाड्यावर दिवसभराचे काम असेल आणि वीज बेभरवशाची असेल, तर मिररलेससोबत दोन जादा बॅटऱ्या धरूनच हिशेब करावा. नवे घेणाऱ्याने, ज्याचा कल व्हिडिओकडे आहे त्याने, मिररलेस घ्यावा. पैसे बेताचे असतील आणि फोटोच काढायचे असतील, तर चांगल्या अवस्थेतला जुना डीएसएलआर आणि त्यावर 50 मिलिमीटरची लेन्स हा संच नव्या मिररलेसच्या किट लेन्सपेक्षा लग्नाच्या कामात अधिक कमावून देतो.

पैशांची विभागणी करताना सगळी रक्कम बॉडीत ओतू नये. साठ हजार रुपये हाताशी असतील, तर बॉडी आणि लेन्स मिळून पन्नास हजारांत बसवावे. उरलेल्या दहा हजारांत जादा बॅटरी, नावाजलेल्या कंपनीची दोन कार्डे, साधी पण दणकट तिवई आणि पावसात टिकणारी बॅग घ्यावी. कार्डावर व्ही 30 अशी खूण असली की ते सेकंदाला किमान 30 मेगाबाइट लिहू शकते. 4 के व्हिडिओच्या नेहमीच्या कामाला हे पुरते. रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइल काढायच्या असतील, तर त्या उघडणारा संगणक आणि साठवायला हार्ड डिस्क हा खर्चही कॅमेऱ्याचाच समजावा.

या टापूत पाऊस हा कॅमेऱ्याचा मोठा शत्रू आहे. पाण्याचे थेंब दिसतात आणि पुसता येतात. हवेतला दमटपणा दिसत नाही आणि जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात ठेवलेल्या लेन्सवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उगवतात. बुरशी काचेवरचा लेप खाते, मग साफ करूनही डाग राहतो. चामड्याची किंवा कापडाची पिशवी दमटपणा धरून ठेवते, म्हणून कॅमेरा त्या पिशवीत वर्षभर ठेवू नये. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक एवढे साधन पुरते. मापकाचा काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान असावा. निळे सिलिका जेल गुलाबी झाले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करावे. हे काम स्वयंपाकाच्या भांड्यात करू नये, कारण निळ्या रंगासाठी वापरलेले रसायन घातक असते. पावसातच हिंडणाऱ्या गिरिप्रेमींनी ऑलिंपसने सुरू केलेल्या टीजी मालिकेसारखा जलरोधक कॅमेरा विचारात घ्यावा. तो 15 मीटर पाण्याखालीही चालतो, पण त्याचा सेन्सर लहान असतो, हे पत्करून. म्हशाच्या जत्रेतल्या गुरांच्या बाजारात शत्रू धूळ असते. तिथे उघड्यावर लेन्स बदलणे टाळावे आणि एकच झूम लेन्स लावून जावे.

खरेदीसाठी आसनगाव, आटगाव, खर्डीहून लोकलने थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठता येते आणि तिथून कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेला फोर्टमधला बोराबाजार चालण्याच्या अंतरावर आहे. मुरबाडकरांना आधी कल्याण गाठावे लागते. कुठेही घेतला तरी जीएसटीचे पक्के बिल, त्यावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि कंपनीची भारतातली वॉरंटी या तीन गोष्टी सोडू नयेत. पाच-सात हजारांनी स्वस्त मिळणारा कॅमेरा बाहेरून परस्पर आणलेला असू शकतो आणि त्याची दुरुस्ती कंपनी वॉरंटीत करत नाही.

जुना कॅमेरा घेताना लेन्सची दोन्ही झाकणे काढून ती मोबाइलच्या उजेडात आरपार पाहावी. बुरशी असेल तर तिथेच दिसते. एफ 16 वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढला की सेन्सरवरचे डाग उघडे पडतात. शटर किती वेळा उघडले आहे याचा आकडा मागून घ्यावा. नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरचे शटर साधारण एक लाखाच्या आसपास फोटोंसाठी बनवलेले असते. बॅटरी फुगलेली नाही ना, कार्डाच्या खाचेतल्या पिना वाकलेल्या नाहीत ना, फ्लॅश बसवण्याच्या जागी गंज नाही ना, हे पाहावे. सगळ्या झूमवर आणि सगळ्या अ‍ॅपर्चरवर दहा-वीस फोटो काढून ते कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर न पाहता संगणकावर मोठे करून पाहावेत आणि त्यानंतरच पैसे द्यावेत. नवा कॅमेरा घेतला असेल, तर हीच तपासणी बदलून देण्याची मुदत संपण्याआधी करावी.