जामीन सरकार, चावी सावकाराच्या कनवटीला

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला, गोदीत माल उचलणारा माणूस. कविता लिहितो, पण आज कविता नाही. आज कर्जावर बोलणार. घरकर्जावर. तेही अमेरिकेतल्या फौजींच्या घरकर्जावर. तुम्ही म्हणाल, याचं डोकं फिरलं काय? इथं दहा बाय दहाची खोली मिळायची मारामार आणि हा अमेरिकेच्या बंगल्यांची कथा लावतोय. जरा दम धरा. ज्यांच्या पँथरचं नाव 1972 साली मुंबईतल्या आपल्या पोरांनी उचललं, त्या काळ्या माणसांची ही गोष्ट आहे. 1966 साली ओकलंडमध्ये त्यांनी दहा कलमी कार्यक्रम लिहिला. माणसाला राहण्याजोगं घर पाहिजे, हे त्यातलं एक कलम. ते लिहायची पाळी का आली, हे कळायला 1944 सालापर्यंत मागं जावं लागतं.

त्याच्याही आधीचं एक सांगतो. पहिल्या महायुद्धातले अमेरिकन सैनिक 1932 साली कबूल केलेले पैसे मागायला राजधानीत जमले. बायकापोरांसकट झोपड्या टाकून बसले. सरकारनं त्यांच्यावर फौज घातली. अश्रुधूर सोडला. झोपड्या जळाल्या. सैनिकांच्या झोपड्या, सैनिकांच्या देखत! दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा सरकारच्या पोटात गोळा उठला. आता लाखो बंदूक चालवलेली माणसं घरी येणार. त्यांना काम नाही, घर नाही, तर हे काय करतील? म्हणून 22 जून 1944 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. लोक त्याला जी. आय. बिल म्हणतात. शिक्षणाचा खर्च, बेकारभत्ता आणि घरासाठी कर्ज.

हे कर्ज कसं चालायचं ते नीट ऐका, कारण सगळी मेख त्यातच आहे. सरकार स्वतः पैसे देत नव्हतं. पैसे द्यायची खाजगी बँक. सरकार फक्त जामीन राहायचं. सैनिकाचे हप्ते थकले तर ठरलेल्या हिश्शापर्यंत सरकार बँकेची भरपाई करणार. सुरुवातीला ही हमी निम्म्या कर्जाची, पण 2,000 डॉलरच्या आत. पुढं ती वाढवली. व्याज 4 टक्क्यांच्या वर जायचं नाही. बँकेला बुडण्याची भीती उरली नाही, म्हणून आधी रोख भरायची अटही बहुतेक ठिकाणी गेली. हातात दमडी नसलेला गडी नोकरीच्या जोरावर घरमालक झाला. 1944 ते 1952 या काळात अशी जवळजवळ 24 लाख घरकर्जं उठली. ही योजना आजही चालू आहे. आजही आधी रोख भरावी लागत नाही. आजही घर स्वतः राहायला घ्यावं लागतं, नुसतं भाड्यानं द्यायला घेता येत नाही. योजना चांगली. मी म्हणतो, झकास.

आता हा कायदा उघडून बघा. काळा, गोरा हा शब्द कुठं सापडायचा नाही. सगळे सैनिक सारखे. दहा लाखांहून जास्त काळी माणसं त्या युद्धात फौजेत होती. मग झालं काय? कायद्याच्या घडणीत मिसिसिपीचे खासदार जॉन रँकिन बसले होते. सैनिकांच्या कायद्यांची समिती त्यांच्या ताब्यात. त्यांनी रेटा लावला, की योजना दिल्लीसारखी वरून, म्हणजे वॉशिंग्टनमधून, चालवायची नाही. अंमल गावातल्या माणसांच्या हातात ठेवायचा. ऐकायला किती लोकशाहीवादी वाटतं! पण गावातली माणसं म्हणजे कोण? गावातली बँक गोऱ्याची, कचेरी गोऱ्याची, जमीन गोऱ्याची. आपल्याकडं म्हणतात ना, गावाचा कारभार गावानं करायचा. गावानं म्हणजे कुणी, हे गावकुसाबाहेरच्याला विचारा.

आकडा सांगतो. 1947 साली मिसिसिपीतल्या 13 शहरांत घर, धंदा आणि शेतीसाठी या हमीची 3,229 कर्जं दिली गेली. त्यातली काळ्यांना किती? दोन. दोनशे न्हाई, वीस न्हाई. दोन.

म्हणाल, ते दक्षिणेतलं. तिथं सगळं उघडंनागडंच होतं. मग उत्तरेत चला. तिथं वही वेगळी, हिशेब तोच. 1930 च्या दशकात सरकारी गृहकर्ज महामंडळानं शहरांचे नकाशे रंगवले होते. भरवशाची वस्ती हिरवी, धोक्याची वस्ती लाल. काळी माणसं राहतात ती वस्ती बहुतेक लालच. लाल वस्तीत बँक कर्ज देईना आणि गोऱ्यांच्या वस्तीत काळ्याला घर विकीनात. म्हणजे इकडं आड, तिकडं विहीर, आणि पाणी दोन्हीकडं बाटतंय. न्यूयॉर्क आणि उत्तर न्यू जर्सीच्या उपनगरांत या हमीखालची 67,000 कर्जं झाली. गोरे नसलेल्यांच्या वाट्याला शंभरसुद्धा आली नाहीत.

न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाऊन नावाची वसाहत 1947 पासून उभी राहिली. 17,000 च्या वर घरं, खास परतलेल्या सैनिकांसाठी. सुरुवातीच्या भाडेकरारात कलम होतं, की गोऱ्या वंशाशिवाय कुणी इथं राहायचं नाही. 1948 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, असली कलमं कोर्टातून बजावता येणार नाहीत. कलम गेलं, दार बंदच राहिलं. 1957 साली पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाऊनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे काळं जोडपं राहायला गेलं. विल्यम युद्धात सेवा केलेला माणूस. घरासमोर झुंडी जमल्या, खिडक्यांवर दगड पडले. बायकोमुलांसह ती माणसं तिथंच टिच्चून राहिली.

आणि आयझॅक वूडर्ड? 12 फेब्रुवारी 1946. हा सार्जंट फौजेतून सुटून त्याच दिवशी बसनं घरी निघाला होता. अंगावर वर्दी. दक्षिण कॅरोलिनात पोलिसांनी त्याला इतकं मारलं की दोन्ही डोळे गेले. पोलीस अधिकारी कोर्टात निर्दोष सुटला. देशासाठी लढलेल्याला देश असं घर दाखवत होता.

मित्रांनो, घर म्हणजे चार भिंती एवढंच समजू नका. 1949 साली लेव्हिटाऊनचं घर 7,990 डॉलरला विकत होते. आज तीच घरं लाखो डॉलरला जातात. बापानं घेतलं, त्यावर पोरगा शिकला, नातवानं धंदा टाकला. काळा सैनिक भाडं भरत मेला, पोराच्या हातात भाड्याच्या पावत्या. 1968 साली मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि आठवड्याच्या आत घरांच्या व्यवहारातला भेदभाव बंद करणारा कायदा आला. पण 24 वर्षांत गोऱ्यांची एक पिढी घरं घेऊन बसली होती. त्या काळ्या सैनिकांच्या वारसांना तो हक्क द्यावा, असं विधेयक 2021 साली अमेरिकन संसदेत आलं. ते पास झालं नाही, 2023 साली पुन्हा मांडावं लागलं. एका नकाराचं वय किती असतं बघा.

आपला यात संबंध काय? बाबासाहेबांचे वडील फौजेत सुभेदार. बाबासाहेबांचा जन्मच 1891 साली महूच्या लष्करी छावणीतला. आणि 1917 साली परदेशातून शिकून आलेल्या त्याच माणसाला बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. नोकरी होती, पगार होता. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्यांनी हुसकावलं. पैशानं दार उघडतं, हे ज्याच्या दाराला जात नाही त्यानं म्हणावं.

माझा मामा फौजेतून हवालदार होऊन सुटला. पेन्शन चालू. घरकर्जाला गेला तर बँकेतल्या साहेबानं पत्ता वाचला आणि म्हणाला, "त्या भागात आम्ही देत नाही हो." भिंतीवर लाल नकाशा नव्हता. साहेबाच्या डोक्यात होता. मामानं लेखी मागितलं, तर साहेब हसला.

तेच सांगायला मी उभा आहे. गोदीत जहाजावर कुणाच्या नावाचा माल आहे, यावर काही ठरत नाही. गेटपासवर सही कुणाची, त्यावर ठरतं. कुठलीही योजना जाहीर झाली की टाळ्या नंतर वाजवा. आधी शेवटची सही कुणाची ते विचारा. आणि नकार तोंडी घेऊ नका. मिसिसिपीतले ते दोन कुणी मोजले, ठाऊक आहे? सरकारनं न्हाई. 'एबनी' नावाच्या काळ्यांच्या मासिकानं शहरा-शहरात विचारून मोजले. छापले. म्हणून आज मला इथं तो आकडा सांगता येतो.

आपल्याकडंही मासिक आहे. पानं थोडी, शाई फिकी, पण आहे. पुढच्या रविवारपासून या वस्तीत वही घालू. कोण कर्जाला गेला, कोण भाड्याची खोली बघायला गेला, काय विचारलं, आडनाव विचारलं का, काय उत्तर मिळालं, तारीख काय. पहिली नोंद माझ्या मामाची. दुसरी तुमची.