पदकाच्या आधीचे सात हजार

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वक्ते नव्हे. बँकेच्या काउंटरवर बसून दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवणे हा आमचा धंदा. कार्यकारिणीने आम्हाला ‘खेळाडू विद्यार्थी’ या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा आम्ही ठरवले की मोठे शब्द वापरायचे नाहीत. आपल्या मुलांकडून जे ऐकले आणि जुन्या इतिहासात जे वाचले, तेवढेच सांगायचे.

आपल्या गल्लीतला एक मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कुस्ती करतो. पहाटे साडेचारला उठून तालमीत, तिथून घरच्या म्हशींचे दूध घालायला, मग बस पकडून कॉलेज आणि संध्याकाळी पुन्हा तालीम. परवा बोलता बोलता आम्ही त्याला सहज विचारले, “काय रे, बजरंगबलीकडे रोज काय मागतोस?” तो म्हणाला, “काका, जिंकायचे मागत नाही. समोरचा पोरगाही त्याच्या तालमीतल्या मारुतीला नारळ फोडूनच आलेला असतो. देवाने कुणाचे ऐकायचे? मी एवढेच मागतो की उद्या पहाटे उठायला कंटाळा येऊ नये.”

आम्ही गप्प बसलो. श्रद्धेचा इतका सरळ अर्थ आम्ही कीर्तनातही क्वचित ऐकला आहे.

मंडळी, आपल्याकडे तालीम आणि मारुती वेगळे काढता येत नाहीत. समर्थ रामदासांनी स्थापन केलेले म्हणून जे अकरा मारुती सांगितले जातात, त्यांतले मसूर, उंब्रज आणि शहापूर हे कराड तालुक्यातच आहेत. हौद्यात उतरण्याआधी माती कपाळाला लावायची, वस्तादांच्या पाया पडायचे आणि मग शड्डू ठोकायचा. त्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात. पोराच्या अंगाला जखम झाली तर ती चिघळू नये, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे आपल्या श्रद्धेतही काळजी आहे. आणि या मातीने कधी जात विचारली नाही, धर्मही विचारला नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात पंजाबचे मुसलमान मल्ल येऊन लढले आणि मराठी माणसाने त्यांना डोक्यावर घेतले. आपल्या सीमाभागातली पोरे आजही त्याच कोल्हापूरच्या तालमीत शिकायला जातात. ही आपली परंपरा आहे. ती कुणी आपल्याला अरुंद करून सांगू लागला, तर त्याला ही माती दाखवावी.

याच कराड तालुक्यातल्या गोळेश्वर गावचा एक विद्यार्थी तुम्हाला ठाऊक आहे. खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म १५ जानेवारी १९२६. वडील स्वतः कुस्तीगीर. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४२ च्या चळवळीत भूमिगतांना आसरा देण्यात या मुलाचा हात होता. म्हणजे अभ्यास, आखाडा आणि देशकार्य तिन्ही एका वेळी चालू. आज आमच्याकडे पालक येतात आणि म्हणतात, “पोरगे खेळात पडले, आता अभ्यास गेला.” त्यांना आम्ही खाशाबांचे नाव सांगतो.

पण नाव सांगून भागत नाही. खाशाबा शिकले कसे, तेही पाहावे लागते. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिम्पिकला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाची मदत केली होती. तिथे गेल्यावर पाहतात तो माती नाही, मॅट आहे. नियमही निराळे. आयुष्य मातीत गेलेल्या मल्लाला पाय कुठे रोवायचा इथपासून सुरुवात. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना तिथे मार्गदर्शन केले आणि खाशाबा आपल्या वजन गटात सहावे आले. परत आल्यावर “ती मॅट आमची नव्हे” म्हणून ते रुसून बसले नाहीत. पुढची चार वर्षे त्यांनी तयारी केली, वरच्या वजन गटात गेले आणि २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडले, लिएंडर पेस यांचे. मधे ४४ वर्षे गेली.

विद्यार्थी मित्रांनो, इथे तुमच्यासाठी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या राजकारणाशीही जोडलेली आहे. राज्यघटनेचे कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्यास सांगते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते आले. त्याच्या आधारावर आपण भांडतो आणि भांडत राहू. पण ते कलम प्राथमिक शिक्षणापुरते आहे. कॉलेजच्या दारात ते तुमच्या सोबत येत नाही. तिथे पहिल्याच दिवशी हातात इंग्रजी पुस्तक येते आणि खिडकीवर कन्नड फॉर्म. तो बी.कॉम.चा मुलगा आम्हाला म्हणाला, “तालमीत डाव दोनदा बघितल्याशिवाय येत नाही. वस्ताद तिसऱ्यांदाही दाखवतात. मग वर्गात सरांना दुसऱ्यांदा विचारायची लाज का वाटावी?” आम्ही म्हणालो, अजिबात वाटू नये. मराठी ही आपली माती आहे. इंग्रजी आणि कन्नड ही मॅट समजा. मॅट शिकल्याने खाशाबा माती विसरले नाहीत. कन्नड शिकल्याने आपला सीमाप्रश्नावरचा दावा सैल होत नाही. हक्क मागणारा माणूस समोरच्याचे कागद स्वतः वाचू शकला, तर त्याला कुणी फसवू शकत नाही. काही वडीलधाऱ्यांना हे पटणार नाही, हे आम्ही जाणतो. त्यांनी रागावावे, पण विचार करावा.

आता आम्ही आमच्या धंद्याच्या गोष्टीकडे येतो.

हेलसिंकीला जायला पैसे हवे होते. त्या वेळच्या सरकारकडे हात पसरून झाले, पण पुरेशी मदत वेळेवर आली नाही असे सांगितले जाते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. आणि राजाराम कॉलेजात ज्यांच्या हाताखाली खाशाबा शिकले, त्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले.

गहाण या शब्दाचा अर्थ बँकेतल्या माणसाला नीट कळतो. पैसे फिटले नाहीत तर घर जाते. समोर तारण काय? एका पोराची पाठ आणि मनगट. त्याला पदक मिळेल याची हमी कुणी दिली नव्हती. आज एखादे असे कर्जप्रकरण आमच्या टेबलावर आले, तर वरिष्ठ म्हणतील, “परत पाठवा.” आणि नियमाने ते बरोबरच ठरेल. म्हणूनच अशा वेळी बँक नव्हे, समाज लागतो.

या गोष्टीचा पुढचा भाग लोक कमी सांगतात. पदक घेऊन खाशाबा आले. कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर या पठ्ठ्याने कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्या पैशातून गुरुजींचे घर सोडवायला हातभार लावला. मंडळी, पदक मोठे खरेच. पण कर्जफेडीची ती कुस्ती आम्हाला तितकीच मोठी वाटते. शिक्षण कशाला म्हणायचे, तर याला.

आणखी एक गोष्ट. हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवल्यावर जपानच्या इशींशी त्यांची लांबलेली लढत झाली. ती थोडक्यात हुकली. नियमाप्रमाणे पुढच्या लढतीआधी विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले आणि तक्रार करायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. सुवर्ण इशींना मिळाले, रौप्य त्या सोव्हिएत मल्लाला. दमलेल्या पोराच्या बाजूने “थांबा, नियम काय सांगतो ते बघा” एवढे म्हणणारा एक माणूस हवा होता. आपल्या मुलांच्या बाबतीत हे रोज घडते. स्पर्धेमुळे हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते आणि सवलतीचा अर्ज कुणाकडे, कोणत्या तारखेआधी द्यायचा, हे सांगणारे कुणी नसते. मुलींच्या बाबतीत तर परगावी सोबत जायला बाई मिळत नाही म्हणून नाव मागे घेतले जाते.

खाशाबा पुढे १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, मरणोत्तर. सन्मान उशिरा आला तरी चालला, कारण खरी गरज होती तेव्हा खर्डेकर गुरुजी उभे राहिले होते. गुरुजी उभे राहिले नसते, तर सन्मान करायला पदकच नसते.

आज आपण मुलांना शाल-श्रीफळ देतो आहोत. ते योग्यच आहे. पण शाल कुस्ती झाल्यावरची. कुस्तीच्या आधी खुराक लागतो, बूट लागतात, रेल्वेचे तिकीट लागते. म्हणून आम्ही तीन सूचना मांडतो.

पहिली, खेळाडू विद्यार्थी निधी. दोनशे घरांनी महिन्याला फक्त ५० रुपये दिले, तर महिन्याचे १०,००० आणि वर्षाचे १,२०,००० होतात. मुलगा असो वा मुलगी, स्पर्धेच्या आधी रक्कम द्यायची, बिनव्याजी. नोकरीला लागल्यावर जमेल तशी फेडायची, म्हणजे पुढच्याला मिळेल. दोन सह्यांशिवाय पैसा निघणार नाही आणि पूर्ण हिशेब दरवर्षी याच पत्रिकेत छापला जाईल. हिशेब लिहायचे काम आम्ही घेतो.

दुसरी, सोबतीचा माणूस. आपल्यात निवृत्त शिक्षक आणि शिक्षिका आहेत. प्रत्येक स्पर्धेला एकाने सोबत जावे आणि कॉलेजातला अर्ज वेळेत पोचवावा.

तिसरी, मंडळाच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी आणि कन्नडचा वर्ग. शिकवणारे आपल्यातच आहेत, फक्त कुलूप उघडायचे आहे.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्या वर्षी जन्मलेली मुले तेव्हापासून शाळा संपवून कॉलेजात गेली. न्यायालयाचा निकाल आपल्या हातात नाही. दोन्ही राज्यांतली सरकारे बदलत राहतात, तीही आपल्या हातात नाहीत. पण आपल्या मुलाला स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिकिटासाठी कुणापुढे हात पसरावा लागतो की नाही, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. मराठी माणूस इथे टिकायचा असेल, तर तो घोषणांइतकाच अशा वर्गणीनेही टिकेल.

बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. पहिल्या पानावर आमचे नाव आणि रक्कम लिहून झाली आहे. जाताना दोन मिनिटे थांबा, आपले नाव त्याखाली लिहा.

सर्व विद्यार्थ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. 

जय महाराष्ट्र!