नायकपदाची चुरस



मोसमाचे सामने सुरू होण्यापूर्वींचे चार-सहा आठवडे हे कोणत्याहि खेळाडूच्या आयुष्यांतले मोठ्या कसोटीचे असतात. प्रेक्षक नसतात, टाळ्या नसतात, वर्तमानपत्रांत नांव येत नाहीं; आणि तरीहि संघांत कोणास जागा मिळावयाची याचा निकाल बहुधा तेथेंच लागतो. अमेरिकेंतील महाविद्यालयांत त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल खेळतात. त्यांत ‘क्वार्टरबॅक’ या नांवाची एक जागा असते. चेंडू प्रथम त्याच्या हातीं येतो, आणि तो कोणाकडे फेंकावयाचा, कोणाच्या हातीं द्यावयाचा, कीं स्वतःच घेऊन धांवावयाचें, हें त्यानें क्षणार्धांत ठरवावयाचें असतें. जागा एक आणि उमेदवार दोन-तीन! ऑगस्ट महिन्यांतील सरावभर त्यांची चुरस चालते आणि सारें गांव तिची चर्चा करीत बसतें. आपल्याकडे तो खेळ रुजलेला नाहीं. परंतु जागा एक, उमेदवार अनेक, आणि निवड करणाऱ्यांच्या मनांत खेळाखेरीज आणखीहि कांहीं, ही गोष्ट आपल्याकडेहि घडलेली आहे, आणि ती आडगांवच्या माळावर नव्हे, तर पुण्या-मुंबईच्या मोठ्या मैदानांवर घडलेली आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनांत मिलिंद महाविद्यालय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें तें १९५० सालीं सुरू केलें. पावसानें उघडीप दिली कीं तेथील मैदानावर बॅट घेऊन उतरणाऱ्या मुलांपैकीं किती जणांना हें ठाऊक असेल कीं, १९३७ सालच्या निवडणुकींत मुंबईस बाबासाहेबांच्या समोर काँग्रेसतर्फे जे उमेदवार उभे होते, ते एके काळीं हिंदुस्थानांतील अव्वल दर्जाचे गोलंदाज होते? बाबासाहेबांना १३,२४५ मतें पडलीं व त्यांना ११,२२५. त्यांचें नांव पालवणकर बाळू. तरुणपणीं बाबासाहेबांनाहि ज्यांच्या खेळाचा अभिमान वाटे, तेच हे बाळू.

पालवणकरांचें कुटुंब चर्मकार जातीचें. बाळूंचा जन्म धारवाडचा, पण वडिलांची लष्करांतील नोकरी पुण्यास, म्हणून बाळू खेळ शिकले ते पुण्यास. गोऱ्या अंमलदारांनीं टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन ते आणि त्यांचे बंधु शिवराम खेळत. शाळा लौकरच सुटली. पहिली नोकरी मिळाली ती पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबांत: मैदान झाडावयाचें, पिचवर रोलर फिरवावयाचा आणि महिन्याकांठीं ३ रुपये घ्यावयाचे. १८९२ च्या सुमारास ते यूरोपियनांच्या पूना क्लबांत आले, तेव्हां पगार ४ रुपये झाला. तेथेंहि रोलर होताच. शिवाय सरावाचीं जाळीं उभारणें, पिचवर रेघा मारणें हीं कामें होतीं, आणि क्लबच्या साहेबमंडळींना जाळ्यांत गोलंदाजी करणें हें एक जादा काम पुढें अंगावर आलें.

हेंच जादा काम त्यांच्या भाग्याचें ठरलें. बाळू डावखुरे, गोलंदाजी संथ. पण हाताची हालचाल इतकी सहज कीं चेंडू कोठें वळणार याचा सुगावा फलंदाजास लागत नसे. त्या वेळीं त्या क्लबचा सर्वांत मोठा फलंदाज म्हणजे जे. जी. ग्रेग. इतर मंडळी मैदानावर येण्यापूर्वीं तासभर अगोदर येऊन हा गृहस्थ बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनीं त्याला बाद केलें कीं दर खेपेस आठ आणे बक्षीस देत असे, अशी आख्यायिका आहे. चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची कमाई! आख्यायिका खरी असो वा नसो, शिक्षक व शिष्य यांत कोण कोण होतें हें सांगणें कठीण. ग्रेगची फलंदाजी त्या जाळ्यांत तयार झाली, आणि बाळूंची गोलंदाजीहि तेथेंच. (हाच ग्रेग पुढें हॅम्पशर परगण्याकडून खेळला आणि उतारवयांत कॅथलिक धर्मोपदेशक झाला, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं.) एक गोष्ट मात्र लक्षांत ठेवण्यासारखी आहे. इतक्या वर्षांच्या सरावांत बाळूंच्या हातीं बॅट म्हणून कोणी दिली नाहीं. फलंदाजी साहेबांनीं करावयाची आणि चेंडू नेटिवानें टाकावयाचा, अशी ती वांटणी होती.

पुण्यांतील हिंदु मंडळींचा एक क्लब होता व यूरोपियनांस हरविण्याची ईर्ष्या त्याच्या मनांत होती. बाळूंची कीर्ति त्यांच्या कानीं गेली, आणि क्लबांत दोन तट पडले. चांभाराच्या मुलास संघांत घ्यावें कीं नाहीं? कित्येक ब्राह्मण गडी अनुकूल होते, कित्येक प्रतिकूल. मौज अशी कीं, असा गोलंदाज हातचा घालविणें हें हिंदूंचें शुद्ध वेडेपण होईल, असें ग्रेगनेंच जाहीरपणें बोलून दाखविलें. अखेर बाळूंना संघांत घेण्यांत आलें. त्यांनीं टाकलेला चेंडू अकरा जणांच्या हातांतून फिरूं लागला. मध्यंतरांत मात्र इतरांना मंडपांत कपबशींतून चहा, आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांतून. जेवण वेगळ्या ताटांत, वेगळ्या टेबलावर. चेंडू तर चामड्याचाच होता. तें चामडें कोणीं कमावलें, असें विचारण्याचें त्या मंडळींना सुचलें नाहीं.

साताऱ्यास गोऱ्यांच्या जिमखान्याशीं झालेला सामना त्या काळीं फार गाजला. बाळूंचा चेंडू वळूं नये म्हणून यजमानांनीं कित्येक दिवस पिचवर रोलर फिरविला होता. ज्याचें कोंवळें वय रोलर ओढण्यांत गेलें त्याला रोलरचा धाक घालणें हा प्रकारच विनोदी म्हणावयाचा. बाळूंनीं त्याच पिचवर सात गडी बाद केले. पुण्यास परतल्यावर संघाचा सत्कार झाला. ज्याच्याबरोबर आपण खेळतों त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास अडचण कसली, असा प्रश्न न्यायमूर्ति रानड्यांनीं मंडळींपुढें उभा केला.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईस गेले. कांहीं काळ लष्करांत, नंतर रेल्वेंत नोकरी आणि हिंदु जिमखान्याकडून खेळ, असा त्यांचा क्रम राहिला. जिमखान्यांतहि प्रारंभीं विरोध झालाच. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदूंनीं यूरोपियनांना प्रथमच मोठ्या सामन्यांत गांठलें. हिंदूंच्या धांवा २४२ व १६०, यूरोपियनांच्या १९१ व १०२. १०९ धांवांनीं हिंदूंचा जय! शेवटच्या डावांत बाळूंनीं पांच गडी घेतले. राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळांत पराभव झाला, याचा आनंद मैदानापुरता राहिला नाहीं. १९११ सालीं पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नायकत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडला गेला. तो संघ पुष्कळ सामने हरला; परंतु एकट्या बाळूंनीं त्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले, आणि प्रत्येक बळीस सरासरी १९ धांवांहूनहि कमी खर्च केल्या. परत आल्यावर मुंबईस त्यांचा सत्कार झाला.

एवढें सारें झाल्यावर साधा प्रश्न असा कीं, हिंदु संघाचें नायकत्व त्यांच्याकडे कां जाऊं नये? वयानें वडील, अनुभवानें वडील, बळींच्या संख्येनें तर सर्वांच्याच पुढें. १९१० पासून त्यांचे चाहते ही मागणी करीत होते. परंतु दर वर्षीं निवड समिति दुसरें नांव काढी. येथें जाळ्यांतला सराव आणि नायकपद यांतील भेद ध्यानीं घेतला पाहिजे. जाळ्यांत यष्टि उडाली कीं उडाली. तेथें वाद नाहीं, आणि बाद झालेल्या साहेबालाहि तें नाकारतां येत नाहीं. नायकपद समितीच्या खोलींत ठरतें. शिवाय गोलंदाज झाला तरी तो राबणारा. नायक म्हणजे हुकूम करणारा. बाळूंनीं चेंडू टाकावा यास १९१० पर्यंत कोणाची हरकत उरली नव्हती. त्यांनीं ‘तुम्ही तेथें उभे राहा’ असें उच्चवर्णीय गड्यास सांगावें, हें मात्र अनेकांच्या घशाखालीं उतरत नव्हतें. ज्या एम. डी. पै यांना नायकत्व मिळालें, ते स्वतः मोठ्या मनाचे. हा मान वडील व अनुभवी अशा बाळूंना मिळावयास हवा होता, असें त्यांनीं १९१३ सालीं आपल्याच सत्कारप्रसंगीं बोलून दाखविलें. समितीवर त्याचा परिणाम झाला नाहीं.

आतां बाळूंचे धाकटे बंधु विठ्ठल यांची गोष्ट. बाळूंच्या हातीं जी बॅट कोणी दिली नव्हती ती विठ्ठल यांच्या हातीं आली, आणि ते हिंदु संघांतील पहिल्या प्रतीचे फलंदाज झाले. १९२० सालचे चौरंगी सामने पुण्यास होते. बाळू वयानें थकले म्हणून त्यांना संघांतून वगळण्यांत आलें. पै आजारी पडले. नायकाची जागा रिकामी झाली, आणि सामना तोंडावर आला. ज्येष्ठतेनें व कामगिरीनें विठ्ठल यांचा हक्क उघड होता. समितीनें निवडले ते दि. ब. देवधर. देवधर लहान खेळाडू नव्हते. याच देवधरांच्या नायकत्वाखालीं महाराष्ट्रानें पुढें १९३९–४० व १९४०–४१ असा लागोपाठ दोनदां रणजी करंडक जिंकला. पुण्यास संस्कृतचे प्राध्यापक म्हणूनहि त्यांचा लौकिक झाला. त्यांच्याकडे बोट दाखविण्याचें कारण नाहीं. परंतु त्या दिवशीं त्यांचें वय अठ्ठावीस, आणि विठ्ठल त्यांच्याहून वडील. समितीनें कोणतें माप लावलें तें ज्यांना समजावयाचें त्यांना समजलें.

या वेळीं पालवणकर बंधु गप्प बसले नाहींत. विठ्ठल आणि शिवराम यांनीं संघांतून अंग काढून घेतलें, आणि आपण अस्पृश्य मानलेल्या समाजांतले म्हणून आपल्याला डावलण्यांत आलें, असें पत्रक काढून सांगितलें. ज्या महिन्यांत पुण्यास हें चाललें होतें त्याच डिसेंबरांत नागपूरच्या काँग्रेसपुढें अस्पृश्यतानिवारणाचा विषय होता. लोकांनीं दोन्ही बातम्या शेजारीं शेजारीं वाचल्या. जिमखान्यास माघार घ्यावी लागली. पै बरे होऊन अंतिम सामन्यास आले, पालवणकर बंधु परतले, आणि वगळलेल्या बाळूंना उपनायक म्हणून परत बोलावण्यांत आलें. पारशांविरुद्धचा तो सामना अनिर्णित राहिला. त्यांत पै यांनीं जें केलें तें धांवफलकावर कोठें सांपडावयाचें नाहीं. खेळ चालू असतां ते मैदान सोडून बाहेर जात, आणि तेवढा वेळ संघाचें नायकत्व बाळूंकडे येई.

विठ्ठल यांना आणखी तीन वर्षे थांबावें लागलें. १९२३ सालीं ते हिंदु संघाचे नायक झाले. कर्नल सी. के. नायडू यांच्यासारखा दांडगा गडी त्यांच्या हाताखालीं खेळला. अंतिम सामन्यांत हिंदूंनीं यूरोपियनांचा पराभव केला, आणि उच्चवर्णीय हिंदूंनीं विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेलें. पुढें १९२५ व १९२६ सालींहि हिंदूंनीं ते सामने जिंकले. १९४८ सालीं विठ्ठल यांनीं ‘माझें क्रीडा-जीवन’ हें आत्मचरित्र मराठींत प्रसिद्ध केलें. क्रिकेटची आवड असलेल्या घरांत तें पुस्तक असावयास हवें, पण तें फारसें कोणाच्या संग्रहीं दिसत नाहीं.

बाळू १९३२ च्या पुणे कराराच्या वेळीं पुढें आले, त्यावर त्यांनीं सहीहि केली, आणि मग १९३७ ची ती निवडणूक झाली. ४ जुलै १९५५ रोजीं ते मुंबईस वारले. हिंदु संघाचा नायक म्हणून त्यांची निवड एकदांहि झाली नाहीं. १९२० सालीं पुण्यास पै बाहेर जाऊन बसत, त्या वेळांतच काय तें त्यांनीं गड्यांना जागा वांटून दिल्या.