मेक्सिकोंतील एक मराठी बिऱ्हाड

मेक्सिको शहरांत सरकारी शिक्षणखात्याची एक जुनी, प्रशस्त चौकांची इमारत आहे. त्या चौकांभोंवतालच्या भिंती दिएगो रिव्हेरा या चित्रकारानें १९२३ सालापासून पुढील पांच वर्षांत चित्रांनीं भरून काढल्या. त्यांपैकीं एका चित्रांत कष्टकरी माणसें भोजनाच्या मेजाभोंवतीं बसलीं आहेत, आणि त्यांच्यांतील प्रमुख गृहस्थ हातांतील पाव मोडून सर्वांस वाटीत आहे. चित्राचें नांव ‘आमची भाकर’. पाव मोडणारा हा गृहस्थ म्हणजे वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. श्रोतेहो, मुंबई-पुण्याच्या कित्येक सुशिक्षित घरांत हें नांव आजहि फारसें परिचयाचें नाहीं. मेक्सिकोच्या भिंतीवर मात्र तो चेहरा १९२८ सालापासून आहे.

खानखोज्यांचें राजकीय चरित्र सांगण्याचा आजच्या भाषणाचा हेतु नाहीं. तें थोडक्यांत आटोपतें. टिळकांपासून स्फूर्ति घेऊन विसाव्या शतकाच्या आरंभीं ते देशाबाहेर पडले. जपानवरून अमेरिकेस गेले, तेथें शेतकीशास्त्र शिकले. १९१३ सालीं निघालेल्या गदर पक्षाच्या पहिल्या कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते. पहिल्या महायुद्धांत ते इराणांत इंग्रजांविरुद्ध लढले, आणि पुढें बर्लिन, मॉस्को असे फिरत १९२४ च्या सुमारास मेक्सिकोस पोंचले. मायदेशीं परतणें म्हणजे तुरुंगांत जाणें होतें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण अशा माणसास अक्षरशः लागू पडते.

निसर्गाभ्यासाच्या तासाला मुलांना असें सांगतात कीं, विंचवाचीं पिलें आरंभीं आईच्या पाठीवरच वाढतात. माणसाच्या पिलांस तें जमत नाहीं. त्यांस अंगण लागतें, शेजार लागतो, वर्षाच्या ठराविक दिवशीं येणारे सण लागतात. १९३६ सालीं, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, खानखोज्यांनीं जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशीं विवाह केला, आणि त्यांस सावित्री व माया अशा दोन कन्या झाल्या. मराठींत बिऱ्हाड आणि घर हे शब्द वेगळे आहेत. बिऱ्हाड हलवितां येतें. घर सोडावें लागतें. मेक्सिको हें वडिलांचें बिऱ्हाड होतें आणि मुलींचें घर. एकाच छपराखालीं हीं दोन्हीं जवळजवळ वीस वर्षें नांदलीं.

ज्या देशांत हें बाळपण गेलें तो देश आपल्यास वाटतो तितका परका नाहीं. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सात हजार तीनशें फुटांहून अधिक उंचीवर, म्हणजे महाबळेश्वराच्या दीडपटीहूनहि वर वसलें आहे. नवा आलेला प्रौढ माणूस तेथें जिना चढतांना धापा टाकतो. तेथेंच जन्मलेलें मूल त्याच जिन्यावर धांवत असतें. पाऊस आपल्यासारखाच जूनच्या सुमारास लागतो, पण बहुधा तिसऱ्या प्रहरीं कोसळून मोकळा होतो. लहान मुलांच्या आईस जपावें लागतें तें पाण्यास. पिण्याचें पाणी उकळणें, फळें-भाज्या धुऊन निवडून घेणें हें तेथील परदेशी आयांचें नित्याचें व्रत होतें. हवेपेक्षां पोटाच्या दुखण्याचें भय मोठें.

परंतु बाजारांत गेलें म्हणजे वर्ध्याच्या माणसास आपण कोठें आहों असा प्रश्न पडावा. तेथें मिरच्यांचे ढीग असतात; ओल्या, वाळलेल्या, लाल, काळपट. आपल्या स्वयंपाकाचा प्राण म्हणून जी मिरची ओळखली जाते तिचें माहेर मेक्सिको. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकांत आपल्या किनाऱ्यास लागली. चिकू तिकडचाच, आणि त्याचें नांवहि तिकडचेंच: तेथील मूळ नावात्ल भाषेंतील शब्दाचा स्पॅनिशांत ‘चिकोसापोते’ झाला, आणि समुद्र ओलांडतांना त्यांतला पहिला तुकडा तेवढा आपल्या हातीं आला. पेरू, पपई, सीताफळाच्या जातीचीं फळें, टोमॅटो, भोपळे हीं सारीं तेथें घरचीं. देव्हाऱ्यांत वाहिला जाणारा झेंडू आणि लग्नांतल्या हारांतली निशिगंध हींहि मूळचीं मेक्सिकोचींच. देशत्यागी माणसास परक्या बाजारांत एकाएकीं आपल्या अंगणांतलें फूल दिसावें, आणि तें खरोखर तिथलेंच निघावें, यांत गंमत आहे, तशी थोडी व्यथाहि आहे.

स्वयंपाकघराची गोष्ट याहून विलक्षण आहे. खेडोपाडीं बाई गुडघे टेकून ज्या तीन पायांच्या दगडावर पीठ वाटते त्यास ‘मेताते’ म्हणतात. तो आपला पाटाच होय, आणि त्यावर वरवंटाहि असतो. चॉकलेटचें पेय घुसळावयास लांकडी ‘मोलिनियो’ दोन तळव्यांमध्यें फिरवितात, अगदीं आपल्या रवीसारखा. तान्हें मूल ‘रेबोसो’ नांवाच्या लांब शालींत पाठीशीं बांधून आई कामास लागते. मक्याची तोर्तिया हातावर थापून तव्यावर टाकतात. तो थापण्याचा आवाज ज्यानें भाकरीच्या घरांत ऐकला आहे, त्यास डोळे मिटल्यावर दोन देशांतला फरक सांगतां येणार नाहीं.

फरक आहे तो पिठांत. मका नुसता दळीत नाहींत. तो चुन्याच्या पाण्यांत शिजवितात, रात्रभर तसाच ठेवितात, सकाळीं टरफलें चोळून धुतात आणि मग ओलाच वाटतात. विड्यास लागतो त्याच जातीचा हा चुना. दाणा मऊ व्हावा एवढाच त्याचा उपयोग नव्हे. मक्यांतील एक जीवनसत्त्व या संस्कारावांचून शरीरास लाभत नाहीं. युरोपनें मेक्सिकोचा मका नेला, पण तेथील बायकांची ही कृति नेली नाहीं. परिणामीं उत्तर इटली व स्पेनच्या कांहीं भागांत केवळ मक्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांस पेलाग्रा नांवाचा भयंकर रोग जडला, आणि त्याचें खरें कारण उमगावयास विसावें शतक उजाडावें लागलें. दाणा घेतला, पण दाणा शिजविणाऱ्या हातांस कोणी विचारलें नाहीं! अशा चुका परराज्यें नेहमींच करीत आलीं आहेत.

हाच मका खानखोज्यांच्या संशोधनाचा विषय होता. मेक्सिको शहराच्या पूर्वेस चापिंगो येथें एका जुन्या जहागिरीच्या वाड्यांत राष्ट्रीय शेतकीशाळा होती, आणि ते तेथें प्राध्यापक झाले. त्या वाड्यांतील प्रार्थनामंदिराच्या भिंतींवरहि रिव्हेरानेंच भूमि आणि क्रांति या विषयांवर चित्रें काढलीं आहेत. मक्याचा रानटी पूर्वज मानलें जाणारें ‘तेओसिन्ते’ नांवाचें गवत मेक्सिकोंत आढळतें. त्याचें कणीस बोटाएवढें, आणि त्यावर कठीण कवचाचे मूठभरहि नव्हेत असे दाणे. या गवताचा व मक्याचा संकर करून अधिक पिकाच्या जाती काढण्याचे प्रयोग खानखोज्यांनीं केले. तीना मोदोत्ती या प्रसिद्ध छायाचित्रकर्तीनें त्या प्रयोगांचीं छायाचित्रें घेतलीं. गरीब शेतकऱ्यांसाठीं त्यांनीं मुक्त शेतकीशाळाहि चालविल्या. स्वतःच्या देशांतल्या कुणब्यासाठीं शिकलेली विद्या दुसऱ्याच देशांतल्या कुणब्याच्या कामीं आली, आणि ती त्यांनीं हातचें राखून दिली नाहीं.

मेक्सिकोची जमीन मुलांना भूगोल शिकवावयास शाळेची वाट पाहात नाहीं. २० फेब्रुवारी १९४३ रोजीं मिचोआकान प्रांतांत एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतांत जमीन फाटली, धूर निघूं लागला, आणि वर्षभरांत त्या शेताच्या जागीं हजार फुटांहून उंच पर्वत उभा राहिला. हाच पारिकुतिन ज्वालामुखी. तो नऊ वर्षें जागा होता, आणि दोन गांवें त्याच्या लाव्ह्याखालीं गेलीं. ज्या पिढीनें हें बाळपणीं ऐकलें तिला पर्वत म्हणजे अनादि गोष्ट, असें कोण पटवून देणार?

आतां नांवांकडे वळूं. स्पॅनिश रीतीप्रमाणें मुलास दोन आडनांवें मिळतात, पहिलें बापाचें व दुसरें आईचें. म्हणजे त्या रीतीनें या मुली ‘खानखोजे सिंदिक’ होत. स्पॅनिश वाचनांत आपल्या ‘ज’च्या जागचें रोमन अक्षर ‘ख’सारखें घशांतून उच्चारतात आणि ‘ह’चें अक्षर मुकें असतें, तेव्हां तेथील मास्तरांच्या तोंडीं हें आडनांव ‘कानकोखे’ असें कांहींसें व्हावयाचें. सावित्री हें नांव तिकडे सर्वस्वी नवें. माया हें मात्र तेथें प्रत्येकाच्या ओळखीचें, कारण दक्षिणेकडील युकातानमध्यें ज्यांनीं थोर मंदिरें बांधलीं त्या प्राचीन लोकांचें तेंच नांव. एका बहिणीचें नांव शेजाऱ्यांस समजावून सांगावें लागे, दुसरीचें नांव ऐकून शेजारीच तिला आपली समजत, असा प्रकार त्या देशांत सहज घडण्यासारखा आहे.

सणांच्या बाबतींत मेक्सिको मुलांचें लाड करणारा देश आहे. १६ डिसेंबरपासून नाताळपर्यंत नऊ रात्रीं गल्लींतलीं माणसें मेणबत्त्या घेऊन दारोदार जातात, आणि मरिया व योसेफ यांच्या वतीनें आसरा मागतात. दारें आधीं नकार देतात व शेवटीं उघडतात. मग कागदांनीं मढविलेलें मडकें टांगून मुलें डोळे बांधून काठीनें फोडतात, आणि खाऊचा पाऊस पडतो. गोकुळाष्टमीच्या दहीहंडीची आठवण येणारच. ६ जानेवारीस तीन राजांच्या नांवानें खेळणीं मिळतात. परंतु सर्वांत मनांत राहणारा सण मृतांचा. १ व २ नोव्हेंबर रोजीं घरोघरीं वेदी मांडून पूर्वजांच्या आवडीचे पदार्थ ठेवितात, आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे आत्म्यांस घर सांपडावें. मुलांना साखरेच्या कवट्या देतात; कित्येकदां त्यांच्या कपाळावर त्या मुलाचेंच नांव असतें. आपल्याकडे पितृपक्षांत मुलांना बाजूस बसवितात, तेथें त्यांच्या हातीं कवटी देतात, आणि तीं ती चवीनें खातात. दसऱ्यास तोरणांत झेंडू बांधलेल्या माणसानें थोड्या आठवड्यांच्या अंतरानें तोच झेंडू मृतांच्या वाटेवर पसरलेला पाहावा, आणि त्याच्या मुलींना मात्र झेंडूचा हा एकच अर्थ ठाऊक असावा, हें त्या बिऱ्हाडाचें खरें मर्म आहे.

कारण मराठी बोलणारें माणूस त्या घरांत एकच होतें. ज्या भाषेंत घरांतलीं दोन मोठीं माणसें आपसांत बोलत नाहींत, तिच्यांत मूल हट्ट करीत नाहीं, आणि ज्या भाषेंत हट्ट केला नाहीं ती पुढें पुस्तकांतून शिकावी लागते. आजी नाहीं, आत्या नाहीं, काका नाहीं. मेक्सिकोंत ही उणीव भरून काढण्याची एक चाल आहे: मुलाचे धर्मपिता व धर्ममाता नेमतात, आणि त्या नात्यानें दोन कुटुंबें सख्ख्याहून जवळ येतात. रक्ताचें नातें तुटलेल्या माणसांस असा देश मोठाच आधार. आणि तशीं माणसें तेथें पुष्कळ होतीं. अध्यक्ष कार्देनास यांच्या कारकीर्दींत, १९३७ सालीं, यादवीनें होरपळलेल्या स्पेनमधून साडेचारशेंहून अधिक मुलें एकट्या बोटीनें मोरेलिया गांवीं आणून ठेविलीं होतीं. थोड्या महिन्यांत आईबापांकडे परतावयाचें म्हणून तीं निघालीं. त्यांतील बहुतेकांचें आयुष्य मेक्सिकोंतच गेलें. त्यांच्या मानानें खानखोज्यांच्या मुली भाग्यवान; आईबाप जवळ होते. देश तेवढा एकाचा दूर होता.

१९४७ सालीं तो देश स्वतंत्र झाला. मुली तेव्हां शाळेच्या वयाच्या होत्या. वडिलांना जी बातमी ऐकावयास चाळीस वर्षें लागलीं, तिनें घरांत एक नवाच पेंच उभा केला: आतां परत जातां येत होतें. शेतकीविषयक सल्ल्यासाठीं १९४९ सालीं त्यांस मध्यप्रांताकडून बोलावणें आलें, तेव्हां इंग्रजी अमदानींतील काळ्या यादींत राहून गेलेलें त्यांचें नांव त्यांच्या वाटेंत आडवें आलें. राज्य गेलें होतें, यादी राहिली होती! सारे अडथळे दूर होऊन ते १९५५ सालीं नागपुरास स्थायिक झाले. वडील घरीं परतले असें सारे म्हणाले, आणि तें खरेंच होतें. विशीहि न गांठलेल्या मुलींच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याच वेळीं त्यांचें घर मागें पडलें, आणि बिऱ्हाड थाटण्याची पाळी त्यांच्यावर आली. वडिलांनीं जें विशीच्या आंतबाहेर स्वखुषीनें केलें होतें, तेंच मुलींस त्याच वयांत, उलट दिशेनें, वडिलांच्या खुषीनें करावें लागलें.

जानेवारी १९६७ मध्यें नागपुरास खानखोज्यांचें देहावसान झालें. चापिंगोची ती शेतकीशाळा आतां विद्यापीठ झाली आहे. २०२२ सालीं आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्तें तेथें त्यांच्या पुतळ्याचें अनावरण झालें. त्याच्या कितीतरी आधीं, २००८ सालीं, सावित्रीबाईंनीं वडिलांचें चरित्र लिहून प्रसिद्ध केलें होतें. तें वडिलांच्या मराठींत नाहीं, आईच्या भाषेंत नाहीं, आणि ज्या गल्लींत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या तेथील स्पॅनिशांतहि नाहीं. तें इंग्रजींत आहे.