रुग्णांसाठीं दूरची धाव
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या युवकसभेंतील व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल दिवसांत आपल्यापुढें चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती मीं आनंदानें शिरसावंद्य मानली. विषय युवकमंडळानेंच नेमून दिला आहे: रुग्णालयाच्या मदतीसाठीं धावावयाच्या दूरपल्ल्याच्या शर्यती. वडील मंडळींपैकीं कित्येकांना हा विषय उत्सवाच्या सभेस विजोड वाटेल. धावण्यानें रोगी कसा बरा व्हावा? ज्याला दान द्यावयाचें आहे त्यानें तें मुकाट्यानें पेटींत टाकावें. त्यासाठीं शेंकडों मैल पाय झिजविण्याचें प्रयोजन काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर शोधणें हाच माझ्या भाषणाचा हेतु आहे.

शर्यतीचा दृष्टांत आपणांस नवा नाहीं. संत पौलानें करिंथकरांस लिहितांना तोच घेतला. करिंथ नगराजवळ दर दोन वर्षांनीं इस्थमियन खेळ भरत व विजेत्याच्या मस्तकीं पानांचा मुकुट चढे. तो मुकुट सुकून जाई. परंतु ज्या धावकांविषयीं आज मला बोलावयाचें आहे, त्यांना तेवढा सुकणारा मुकुटहि नको होता.

त्यांपैकीं पहिला टेरी फॉक्स हा कॅनडांतील तरुण. १९७७ सालीं, वयाच्या १८ व्या वर्षीं, हाडाच्या कर्करोगामुळें त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयांत त्यानें आपल्याहून लहान मुलांच्या यातना पाहिल्या, आणि बरें वाटून घरीं परतल्यावरहि त्या यातना त्याला स्वस्थ बसूं देईनात. १२ एप्रिल १९८० रोजीं न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स येथें आपला कृत्रिम पाय अटलांटिक महासागराच्या पाण्यांत बुडवून तो पश्चिमेकडे धावूं लागला. रोज सुमारें २६ मैल, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण मॅरेथॉन! १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर तोडल्यावर १ सप्टेंबर रोजीं थंडर बे शहराजवळ त्याला थांबावें लागलें. रोग फुप्फुसांत उतरला होता. २८ जून १९८१ रोजीं त्याचें देहावसान झालें. प्रत्येक देशबांधवानें कर्करोगाच्या संशोधनासाठीं एक डॉलर द्यावा, एवढीच त्याची इच्छा होती. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटि ४१ लाखांहून अधिक डॉलर जमले, म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येच्या मानानें माणशीं एक डॉलर खरोखरच पडला.

असा पुरुष शतकांतून एखादाच. पण एकट्याच्या शरीरावर उभें असलेलें कार्य त्या शरीराबरोबर थांबण्याची भीति असते. टेरीचें थांबलें नाहीं, कारण त्याच्या मागें हजारों सामान्य माणसें धावूं लागलीं. सामान्यांनीं भार वांटून घेतल्यास काय होतें, याचें दुसरें उदाहरण आपल्याला अधिक जवळचें आहे. कारण त्याच्या मुळाशीं एका कॅथलिक माणसाचा नवस आहे.

डॅनी थॉमस हा विनोदी नट १९१२ सालीं अमेरिकेंत, लेबनॉनहून आलेल्या मारोनी कॅथलिक कुटुंबांत जन्मला. उमेदवारीच्या काळांत, हाताला काम नसतांना, त्यानें संत ज्यूड थॅडियस यांच्यापाशीं मार्गाची याचना केली व त्यांचें स्मारक उभारण्याचा नवस केला. पुढें कीर्ति व पैसा दोन्हीं आलीं. नवस विसरावयास एवढें पुरेसें असतें. पण तो विसरला नाहीं. दगडी स्मारकाऐवजीं त्यानें मुलांचें रुग्णालय उभारण्याचें योजिलें. मूळचे टेनेसी राज्याचे असलेले शिकागोचे कार्डिनल सॅम्युएल स्ट्रिच यांच्या सल्ल्यानें मेम्फिस हें शहर निवडण्यांत आलें, आणि ४ फेब्रुवारी १९६२ रोजीं संत ज्यूड यांच्या नांवाचें रुग्णालय तेथें उघडलें. गोऱ्याकाळ्यांचा भेद कडकपणें पाळणाऱ्या त्या प्रांतांत या दारांतून सर्व वर्णांच्या व सर्व धर्मांच्या मुलांना सारखाच प्रवेश मिळाला. शिवाय उपचार, प्रवास, निवास व अन्न यांचें बिल आईबापांच्या हातीं द्यावयाचें नाहीं, असा तेथील नियम आहे.

मग हा खर्च कोण सोसतो? मुख्यत्वें लोकांचें दान. इलिनॉय राज्यांतील पिओरिया शहरांत १९७२ सालीं या रुग्णालयाची पहिली शाखा निघाली. १९८२ सालीं २२ धावकांनीं मेम्फिसहून पिओरियापर्यंतचे ४६५ मैल, म्हणजे सुमारें ७५० किलोमीटर, धावत तोडले. मुंबईहून गोव्यास जाण्यापेक्षांहि हें अंतर अधिक आहे. कोणीं एकट्यानें तें पुरें करावयाचें नव्हतें. पाळीपाळीनें, रात्रंदिवस, ऑगस्टच्या भर उन्हाळ्यांत ते धावतात. एक रस्त्यावर असतो तेव्हां इतर मोटारींत विसावा घेतात. प्रत्येकजण निघण्यापूर्वीं आपल्या ओळखीच्यांकडून देणग्या मिळवितो. ही धाव वर्षानुवर्षें चालू राहिली व आसपासच्या गांवांहूनहि पिओरियाकडे तशाच धावा निघूं लागल्या.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एवढें लांब कां धावावयाचें? बंधुभगिनींनो, मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-तीन वर्षें चालतो. केवळ एका औषधानें रोग दबे, आणि मेंदूभोंवतीं लपून पुन्हां उलटे. म्हणून या रुग्णालयाचे पहिले संचालक डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनीं अनेक औषधें एकत्र देण्याचा, मेंदूकडील रोगावरहि उपाय करण्याचा व उपचार दीर्घकाळ नेटानें चालविण्याचा क्रम बसविला. १९६२ सालीं या रोगाच्या मुख्य प्रकारांतून शंभरांत चारच मुलें वांचत. आज त्या रुग्णालयांत नव्वदांहून अधिक वांचतात. मध्येंच सोडलेला उपचार मात्र पुष्कळदां न केल्यासारखाच. तेव्हां खरी दूरची धाव तें मूल धावत असतें, आणि त्याचे आईबाप त्याच्याबरोबर धावत असतात. आपल्या भूतदयेचा उमाळा सणाच्या दिवशीं येतो व दुसऱ्या दिवशीं ओसरतो. त्या मुलाची औषधाची पाळी मात्र दुसऱ्या दिवशींहि असते. जो धावक तिसऱ्या रात्रीं, पाय सुजले असतांहि, आपली पाळी चुकवीत नाहीं, तो दात्यांना हेंच शिकवितो कीं दयेलाहि दम पाहिजे. माझ्या मतें या धावांचें सारें सार्थक एवढ्यांत आहे.

हें लांबच्या देशाचें वृत्त म्हणून सोडून देऊं नका. परळचें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेव्हांपासून दूरदूरच्या प्रांतांतून रोगी तेथें येतात. गांवाकडचें शेत गहाण टाकून मुलाला मुंबईस आणणाऱ्या बापापुढें औषधाइतकाच बिकट प्रश्न असतो तो रात्रीं निजावें कोठें हा. जागेअभावीं कित्येकजण उपचार अर्धवट टाकून परततात. अशा कुटुंबांना विनामूल्य आसरा देण्यासाठीं २००६ सालीं मुंबईंत जी संस्था निघाली, तिनेंहि संत ज्यूड यांचेंच नांव घेतलें आहे. आणि २००४ पासून मुंबईंत भरणाऱ्या मॅरेथॉनमध्यें शेंकडों धावक आपापल्या आवडीच्या सेवाकार्यासाठीं निधि गोळा करीत आले आहेत. म्हणजे रोगी येथें आहेत, संस्था येथें आहेत, रस्ताहि येथेंच आहे.

युवकांनो, धावावयाचें ठरविलें तर तीन गोष्टी ध्यानीं धरा. पहिली ही कीं, शरीर ही देवाची ठेव आहे. महिनोन्महिने सराव केल्याविना व वैद्याला विचारल्याविना लांब पल्ल्याला हात घालूं नका. उन्हांत पाण्याविना धावणें जसें घातक, तसेंच तहान नसतां घटाघटा पाणी पिणेंहि घातक. त्यानें रक्तांतील मीठ उतरतें. दुसरी गोष्ट हिशेबाची. रुग्णांच्या नांवानें जमलेल्या पैशांतून आपले जोडे, प्रवास व भोजन भागविणें शोभत नाहीं. आपला खर्च आपण सोसावा व पैन् पै सभेपुढें मांडावी. तिसरी गोष्ट मनाची. एका हाताचें दान दुसऱ्या हाताला कळूं नये अशी प्रभूची शिकवण. मग छातीवर क्रमांक लावून, टाळ्यांच्या गजरांत धावणें तिच्याशीं कसें जुळावें? जुळूं शकेल, पण एकाच अटीवर: लोकांची नजर आपल्यावरून उचलून त्या खाटेवरील मुलाकडे वळवितां आली पाहिजे. तें साधलें नाहीं, तर धाव संपली कीं दानहि संपलें.

ज्यांचे गुडघे आतां थकले आहेत त्या आजीआजोबांनीं खिन्न होऊं नये. मेम्फिसहून निघालेल्या धावकांत कोणींच सगळें अंतर एकट्यानें तोडलें नाहीं. दरमहा ठराविक रक्कम बाजूला ठेवणारी आजी, धावकांची शिदोरी बांधणारी माउली, रुग्णाच्या उशाशीं एक रात्र जागणारा शेजारी, यांनींहि आपापली पाळी पुरी केलीच. आपल्या धर्मग्रामानें पन्नास वर्षें पुरीं केलीं, तींहि अशाच पाळ्यांनीं. वडिलांनीं आपला पल्ला संपवून काम पुढच्यांच्या हातीं दिलें, म्हणून आज आपण येथें बसलों आहों.

पुढील पाळी, युवकांनो, आपली आहे. महोत्सवाच्या पताका उतरल्यावरहि ती चालू राहो, आणि ती पुरी करण्यास परमेश्वर आपणां सर्वांस दम देवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.